खरी ईमेल स्पॅममध्ये अडकली तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या काही गृहनिर्माण सोसायट्या, एक शाळा आणि तीन-चार छोटे व्यावसायिक यांच्या ईमेलची व्यवस्था मी बघतो. मला येणारे बरेचसे फोन एकाच वाक्याने सुरू होतात: "अहो, पाठवलीय म्हणतात, पण मला काही आलेलं नाही." नको असलेली जाहिरात इनबॉक्समध्ये आली तर ती डोळ्यांना दिसते, आपण पुसून टाकतो. हवी असलेली ईमेल स्पॅममध्ये गेली तर मात्र कुणालाच पत्ता लागत नाही. पाठवणारा उत्तराची वाट बघत बसतो आणि ज्याला पाठवली तो ईमेलची. म्हणून ही दुसरी चूक मला फार मोठी वाटते. फोनवर जे सांगतो तेच इथे सविस्तर लिहिलं आहे. उदाहरणं मुख्यतः जीमेलची आहेत, कारण विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे तेच असतं.

ईमेल आली नाही असं वाटतंय. नक्की कुठे कुठे शोधायची?

आधी स्पॅम फोल्डर. फोनवर तो समोर दिसत नाही. डावीकडच्या तीन आडव्या रेघांवर बोट ठेवा, यादी खाली सरकवत न्या, मग सापडतो. शोधपेटीत नाव टाकलं आणि काहीच निघालं नाही, म्हणून ईमेल आलेलीच नाही असं समजू नका. जीमेलचा नेहमीचा शोध स्पॅम आणि ट्रॅश सोडून बाकीच्या ठिकाणी होतो. सगळीकडे शोधायचं असेल तर इंग्रजी अक्षरांत 'इन', त्याला चिकटून कोलन, त्याला चिकटून 'एनीव्हेअर' असं लिहा आणि मग एक जागा सोडून पाठवणाऱ्याचं नाव टाका.

स्पॅममध्ये नसेल तर प्रमोशन्स, सोशल आणि अपडेट्स हे कप्पे बघा. २०१३ साली जीमेलने ते आणले आणि तेव्हापासून पावत्या, तिकिटं, शाळांची पत्रकं तिकडे जाऊन बसतात. हे कप्पे म्हणजे स्पॅम नव्हे. तिथली ईमेल आपोआप पुसली जात नाही. चुकून तिथे गेलेली ईमेल प्रायमरीत हलवली की पुढच्या वेळी ती तिथेच यावी का, असं जीमेल विचारतं. हो म्हणा.

मग साठवणुकीची जागा तपासा. जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून फुकटात १५ जीबी मिळतात. ती भरली की नवीन ईमेल घेणं बंद होतं. आमच्याच इमारतीतल्या एका आजोबांच्या खात्यात अमेरिकेतल्या नातीच्या व्हिडिओंनी जागा भरली होती आणि ते बिचारे रोज स्पॅम फोल्डर उघडून बघत होते. व्हिडिओ हार्ड डिस्कवर काढून ठेवले, संध्याकाळपासून ईमेल सुरू झाल्या.

कधीतरी रागाच्या भरात कुणाला ब्लॉक केलं होतं का, तेही आठवून बघा. ब्लॉक केलेल्याची ईमेल थेट स्पॅममध्ये जाते.

स्पॅममध्ये गेलेली ईमेल तिथे किती दिवस राहते?

जीमेलमध्ये ३० दिवस. नंतर ती कायमची जाते. दुसऱ्या सेवांमध्ये ही मुदत वेगळी असते, काही ठिकाणी याहूनही कमी.

पण खरी मुदत फोल्डरची नसते, ईमेलमधल्या कामाची असते. माझ्या मावसबहिणीला एका कंपनीकडून मुलाखतीचं बोलावणं येणार होतं. तीन आठवडे ती रोज इनबॉक्स बघत होती. एका रविवारी घरी गेलो, स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिचा फोन घेतला आणि स्पॅम उघडला. दोनशेच्या वर ईमेल होत्या. लॉटरी, वजन कमी करण्याच्या गोळ्या, 'तुमचं पार्सल अडकलं आहे', आणि त्या ढिगात मंगळवारी सकाळी आलेलं बोलावणं. मुलाखत शुक्रवारी होती. सोमवारी तिने फोन केला तेव्हा जागा भरलेली होती. ती काही बोलली नाही, चहा गाळत राहिली. त्या दिवसापासून मी प्रत्येकाला सांगतो: आठवड्यातून एकदा, वार ठरवून, स्पॅम फोल्डरवर नजर टाका. दोन मिनिटं पुरतात, कारण नुसती पाठवणाऱ्यांची नावं वाचायची असतात. नोकरी, प्रवेश, व्हिसा, कर्ज असं काही चालू असेल तर रोज बघा.

ओळखीच्या, चांगल्या माणसाची ईमेल फिल्टर का अडवतो?

फिल्टरला माणूस ओळखता येत नाही. तो अंदाज बांधतो. ईमेल जिथून आली असं म्हणते तिथूनच खरोखर आली का, त्या सर्व्हरची आजवरची वागणूक कशी आहे, मजकूर आणि लिंका कशा आहेत, आणि असल्या ईमेलचं इतर लोकांनी काय केलं, अशा कितीतरी गोष्टी तो एकत्र मोजतो.

ही मोजणी उघड बघायची असेल तर स्पॅमअसॅसिन हा मुक्त फिल्टर बघावा; छोट्या होस्टिंगवाल्यांकडे, म्हणजे वेबसाइट-ईमेलसाठी सर्व्हर भाड्याने देणाऱ्यांकडे, अजूनही तो चालतो. प्रत्येक संशयाला तो गुण देतो आणि मूळ सेटिंगमध्ये बेरीज ५ झाली की ईमेल स्पॅम ठरवतो. म्हणजे एकही मोठी चूक नसताना पाच-सहा बारीक गोष्टींनी साधं पत्र गुन्हेगार ठरू शकतं. विषय सगळा कॅपिटल अक्षरांत, आत फक्त एक चित्र, लिंक छोटी करून दिलेली, सर्व्हर नवीन: एकेकटी कुठलीच गोष्ट वाईट नाही.

शब्दांवरून शिकणारे फिल्टर रूढ झाले ते ऑगस्ट २००२ नंतर. पॉल ग्रॅहम यांनी तेव्हा बेझच्या संभाव्यतेच्या सूत्रावर चालणारी पद्धत मांडली. त्या पद्धतीत त्यांनी चांगल्या ईमेलमधल्या शब्दांची मोजणी मुद्दाम दुप्पट धरली होती, कारण चार जाहिराती आत आल्या तरी चालतील पण एक खरं पत्र अडू नये, हा त्यामागचा विचार होता. तो विचार मला आजही पटतो.

तुमची ईमेल का अडली हे जीमेल थोडंफार सांगतंही. स्पॅममधली ईमेल उघडली की वर एका पट्टीत कारण लिहिलेलं असतं. ती पट्टी वाचायची सवय लावा. मला फोन करणाऱ्यांना मी आधी तीच वाचून दाखवायला सांगतो.

'नॉट स्पॅम' दाबलं की काम झालं का?

त्या एका ईमेलचं झालं. ती इनबॉक्समध्ये येते आणि फिल्टरला तुमचं मत कळतं. पण पुढची ईमेल पुन्हा अडणारच नाही याची खात्री नसते. पत्ता संपर्कांमध्ये साठवा आणि जमलं तर एक ओळीचं उत्तर पाठवा, "मिळाली, धन्यवाद" एवढंही पुरे. ज्याच्याशी दोन्ही बाजूंनी पत्रव्यवहार आहे त्याच्याबद्दलचा संशय कमी होतो.

अगदी चुकवून चालणार नाही अशा पाठवणाऱ्यासाठी फिल्टर तयार करा. संगणकावर जीमेल उघडून सेटिंग्जमध्ये त्याचा पत्ता द्या आणि 'नेव्हर सेंड इट टू स्पॅम' या चौकटीत खूण करा. मुलाच्या शाळेचा, सीएंचा आणि डॉक्टरांचा पत्ता असा घालून ठेवा. आउटलुकमध्ये यासाठी 'सेफ सेंडर्स' नावाची यादी असते.

मग स्पॅममधलं जे ओळखीचं वाटेल ते सगळं बाहेर काढू का?

नाही. इथे थांबून विचार करायला हवा, कारण ठगही ओळखीचंच नाव लावून येतात. पाठवणाऱ्याचं दिसणारं नाव कुणालाही हवं ते ठेवता येतं. त्यामागचा पूर्ण पत्ता उघडून बघा. जीमेलमध्ये नावाशेजारच्या छोट्या बाणावर टिचकी मारली की 'मेल्ड बाय' आणि 'साइन्ड बाय' अशा ओळी दिसतात. बँकेची म्हणून आलेल्या ईमेलवर भलत्याच कुणाची सही दिसली, तर ती जिथे आहे तिथेच राहू द्या.

बँकांच्या बाबतीत आता एक चांगली सोय झाली आहे. रिझर्व्ह बँकेने भारतीय बँकांसाठी 'डॉट बँक डॉट इन' हे राखीव डोमेन, म्हणजे पत्त्याचा शेवटचा भाग, आणलं आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत त्यावर यायला सांगितलं. ते फक्त बँकांना मिळतं आणि त्याची नोंदणी आयडीआरबीटी ही संस्था करते. पत्त्याचा शेवट असा आहे का, एवढं शेवटपासून वाचायचं. 'बँक डॉट इन' हे शब्द मध्येच कुठेतरी आणि शेवटी आणखी काहीतरी असेल तर ती बँक नव्हे.

आयकराच्या ईमेलबद्दल जून ते डिसेंबर रोज विचारणा होते. विवरणपत्र तपासून झाल्यावरची, कलम १४३(१) खालची सूचना खरोखरच ईमेलने येते, सोबत कुलूपबंद पीडीएफ असते आणि तिचा पासवर्ड म्हणजे लहान अक्षरांत पॅन आणि त्यापुढे जन्मतारीख. कुलूपबंद फाइल फिल्टरला उघडून तपासता येत नाही, त्यामुळे तो साशंक असतो. पण आयकराच्या नावाने 'रिफंड मंजूर, इथे खातं क्रमांक भरा' अशा खोट्या ईमेलही येतात. मी सगळ्यांना एकच करायला लावतो: ईमेलमधल्या लिंकला हात न लावता आयकराचं पोर्टल स्वतः उघडून आत जायचं. खरी सूचना असेल तर तिथेही दिसते. पैसे गेलेच असतील तर क्षणभरही न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा.

सोसायटीच्या सभेची नोटीस निम्म्या सभासदांच्या स्पॅममध्ये गेली. आता काय?

ऑगस्ट-सप्टेंबरमधला हा हमखास प्रश्न. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची, नोटीस १४ पूर्ण दिवस आधी द्यायची, आणि सभेत कुणीतरी उठून म्हणतं, "मला नोटीसच मिळाली नाही." तो खोटं बोलत नसतो.

एका सोसायटीत मी चिटणीस काकूंच्या शेजारी बसून पूर्ण प्रकार बघितला. त्यांनी स्वतःच्या जीमेलवरून ६४ पत्ते बीसीसीमध्ये टाकले होते. विषयात सगळी कॅपिटल अक्षरं आणि तीन उद्गारचिन्हं. मजकुराच्या जागी काहीच नाही, फक्त लेटरहेडवरच्या नोटिशीचा मोबाइलने काढलेला फोटो. वर्षभरात त्या पत्त्यावरून यातल्या बहुतेकांना दुसरी एकही ईमेल गेलेली नव्हती. फिल्टरच्या बाजूने बघा: अनोळखी पत्ता, एकदम ६४ जण, आरडाओरडीचा विषय आणि वाचता न येणारं चित्र. जाहिरात पाठवणारे अगदी असंच करतात.

आम्ही नोटीस पुन्हा टाइप केली. सभेची तारीख, वेळ, जागा आणि विषयपत्रिका ईमेलच्या अंगातच लिहिली, सही-शिक्क्याची पीडीएफ सोबत जोडली. विषय साधा ठेवला: सोसायटीचं नाव, वार्षिक सभा, तारीख. सोसायटीच्या नावाने गुगल ग्रुप केला, म्हणजे दर वर्षी चिटणीस बदलले तरी पत्ता बदलत नाही. मग व्हॉट्सअॅपवर संदेश टाकला: 'नोटीस या पत्त्यावरून पाठवली आहे, स्पॅम बघा, सापडली तर बाहेर काढा आणि पत्ता साठवा.' त्या एका संदेशाचा उपयोग बाकी सगळ्यापेक्षा जास्त झाला. सूचना फलकावरची प्रत आणि घरोघरी दिलेली प्रत मात्र बंद करू नका. काकूंनी त्या दिवशी ती सही घेण्याची वहीही काढून दाखवली, आणि त्यांचं बरोबरच होतं.

मराठीत लिहिलं म्हणून ईमेल स्पॅममध्ये जाते का?

युनिकोडमध्ये लिहिलेल्या देवनागरीला जीमेल किंवा आउटलुक अडवत नाहीत, त्यामुळे भीतीपोटी रोमन लिपीत मराठी लिहू नका. अडचण वेगळीच असते. डीटीपीच्या जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमधला मजकूर तसाच चिकटवला की संगणकाला त्यात अर्थहीन इंग्रजी अक्षरांची रास दिसते. स्पॅमवालेही फिल्टरला चकवायला असंच काहीतरी भरतात. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

दुसरं कारण चित्रांचं. गणेशोत्सवाची पत्रिका, हळदीकुंकवाचं आमंत्रण, दिवाळी पहाटेचा कार्यक्रम, सगळं एका सुंदर जेपेगमध्ये आणि बाहेर एकही शब्द नाही. फक्त चित्र असलेल्या ईमेलसाठी स्पॅमअसॅसिनमध्ये खास नियम आहेत. चित्र जरूर पाठवा, पण खाली चार ओळी लिहा.

परदेशातल्या मराठी मंडळांसाठी आणखी एक. स्पॅमअसॅसिनमध्ये ठरावीक भाषा सोडून बाकी भाषांच्या ईमेलना गुण लावायची सोय आहे, आणि आउटलुकच्या जुन्या आवृत्तीत एखाद्या देशाचा डोमेन-शेवट, म्हणजे आपला 'डॉट इन' सुद्धा, पूर्ण अडवता येतो. ऑफिसच्या पत्त्यावर मंडळाची ईमेल येत नसेल तर सभासदाला घरचा पत्ता द्यायला सांगा. ऑफिसच्या आयटी विभागाशी वाद घालण्यापेक्षा ते सोपं पडतं.

आमचं स्वतःचं डोमेन आहे. आमच्या ईमेल लोकांच्या स्पॅममध्ये का जातात?

दहा वेळा विचारलं तरी माझं पहिलं उत्तर हेच असतं: एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या तीन नोंदी बघा. तिन्ही तुमच्या डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनची माहिती ठेवणाऱ्या सार्वजनिक नोंदवहीत, असतात.

एसपीएफ म्हणजे गेटवर वॉचमनकडे दिलेली यादी, की आमच्या नावाने ईमेल आणायची परवानगी अमुक सर्व्हरनाच आहे. डीकिम ही पाकिटावरची मोहर: मजकूर वाटेत बदलला तर ती जुळत नाही. आणि यादीत नाव नसेल, मोहरही जुळत नसेल तर त्या माणसाचं काय करायचं, ही वॉचमनला दिलेली सूचना म्हणजे डीमार्क.

चुका ठरलेल्या असतात. एसपीएफची नोंद एकच असावी लागते; जुनी न काढता दुसरी घातली की दोन्ही बाद. त्या नोंदीतून दहापेक्षा जास्त ठिकाणी डीएनएस चौकशी करावी लागत असेल तरीही ती बाद. शाळेच्या ईमेल नीट जात असतात, पण फीच्या पावत्या पाठवणारं सॉफ्टवेअर दुसऱ्याच सर्व्हरवरून शाळेच्या नावाने ईमेल सोडत असतं आणि तो सर्व्हर यादीत नसतो. मग पालक म्हणतात पत्रकं मिळतात, पावत्या मिळत नाहीत. एवढं ऐकलं की मला बाकी काही विचारावं लागत नाही. डीमार्क सुरू करताना नुसत्या निरीक्षणावर ठेवा, अहवाल वाचा, आपल्या नावाने कोण कोण पाठवतंय ते कळू द्या आणि मगच कडक करा.

तपासायची सोपी रीत: स्वतःच्या जीमेलवर एक ईमेल पाठवा, उघडा, तीन ठिपक्यांमधून 'शो ओरिजिनल' निवडा. वरच तिन्ही नावांपुढे 'पास' किंवा 'फेल' लिहिलेलं असतं.

वेबसाइटवरच्या फॉर्ममधून आलेल्या चौकश्या आमच्याच स्पॅममध्ये सापडल्या. असं कसं?

हे मी पितळी भांड्यांच्या एका दुकानात बघितलं. दोन महिने एकही चौकशी नाही म्हणून मालक वेबसाइट बंद करायला निघाले होते. स्पॅममध्ये गेल्या महिन्याभरातल्याच सतरा चौकश्या निघाल्या. त्यात एका लग्नाची शंभर तांब्यांची मागणी होती आणि लग्न होऊन गेलं होतं. त्याआधीच्या चौकश्या तर ३० दिवसांच्या नियमाने पुसल्याही गेल्या होत्या.

वेबसाइट करणाऱ्याने फॉर्म असा बसवला होता, की ग्राहकाने जो पत्ता भरला तोच पाठवणारा म्हणून लावला जाई. म्हणजे दुकानाचा होस्टिंग सर्व्हर जीमेलच्या पत्त्याने ईमेल पाठवत होता, ज्याची त्याला परवानगी नाही. दुकानाच्याच मेलबॉक्सने ती तोतयेगिरी ठरवली, आणि नियमाने ते योग्यच होतं. उपाय दहा मिनिटांचा: पाठवणारा पत्ता दुकानाच्या डोमेनचा ठेवायचा आणि ग्राहकाचा पत्ता 'रिप्लाय टू'मध्ये घालायचा. तुमच्या वेबसाइटवर फॉर्म असेल तर आजच त्यातून स्वतःला एक चौकशी पाठवून बघा.

ईमेल परत आली आणि सोबत ५५० असा काहीतरी आकडा आहे.

मग तुमचं नशीब चांगलं, निदान कळलं तरी. पाचने सुरू होणारा आकडा म्हणजे कायमचा नकार. खालच्या इंग्रजी ओळीत कारण असतं, ती ओळ पूर्ण कॉपी करून तुमच्या होस्टिंगवाल्याला पाठवा. चारने सुरू होणारा म्हणजे 'आत्ता नको, थोड्या वेळाने या', आणि सर्व्हर स्वतःच पुन्हा प्रयत्न करतो. काही सर्व्हर अनोळखी पाठवणाऱ्याला पहिल्या वेळी मुद्दाम असं परत पाठवतात, कारण स्पॅमवाले बहुधा दुसऱ्यांदा येत नाहीत. याला ग्रेलिस्टिंग म्हणतात. दहा मिनिटं चालणारा ओटीपी ईमेलने मागवला आणि तो अर्ध्या तासाने आला, तर बऱ्याचदा हेच झालेलं असतं.

जुन्या पत्त्यावरून नव्यावर फॉरवर्ड लावलंय. त्यातल्याच ईमेल अडतात.

फॉरवर्ड करणारा सर्व्हर मूळ पाठवणाऱ्याच्या एसपीएफ यादीत नसतो, त्यामुळे ती तपासणी फसते. डीकिमची मोहर शाबूत असेल तर ईमेल तरते, नसेल तर बुडते. बँक, विमा, आधार अशा ठिकाणी नवा पत्ता थेट नोंदवा.

आम्ही ग्राहकांना दिवाळीच्या ऑफर पाठवतो. त्यासाठी काही नियम आहेत का?

आहेत. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० किंवा जास्त ईमेल पाठवणाऱ्यांना वरच्या तिन्ही नोंदी, एका टिचकीत नाव काढायची सोय आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवणं बंधनकारक आहे. म्हणजे हजारात तिघांनी तक्रार केली की तुम्ही रेषेवर. याहू या ईमेल सेवेनेही तसेच नियम लावले आहेत. तुम्ही ५,००० च्या खूप आत असाल तरी हे पाळा, आणि बिलाच्या वेळी घेतलेला पत्ता ग्राहकाला न विचारता जाहिरातीला वापरू नका.

ग्राहक म्हणूनही एक विनंती आहे. जे पत्रक तुम्हीच कधीतरी मागवलं होतं ते नकोसं झालं तर 'अनसबस्क्राइब' करा. तिथे 'स्पॅम' दाबलं की त्या पाठवणाऱ्याची पत घसरते आणि ज्यांना ते पत्रक हवं आहे त्यांच्याकडेही ते अडायला लागतं. अनोळखी ठगाच्या ईमेलमधल्या 'अनसबस्क्राइब'ला मात्र हात लावू नका, तिथे 'स्पॅम'च दाबायचं.

ऑफिसच्या ईमेलवर स्पॅम फोल्डर रिकामा आहे, तरीही ईमेल मिळत नाही.

बऱ्याच कंपन्यांमध्ये संशयित ईमेल तुमच्यापर्यंत येण्याआधीच क्वारंटाइनमध्ये अडकवून ठेवतात. आयटी विभागाला पाठवणाऱ्याचा पत्ता, तारीख आणि अंदाजे वेळ द्या. त्यांना नोंद काढता येते. नुसतं "माझी ईमेल आली नाही" असं कळवलं तर त्यांनाही शोधता येत नाही.

३० दिवस होऊन गेले. ती ईमेल आता मिळेल का?

तुमच्याकडून नाही. पण पाठवणाऱ्याच्या 'सेंट' फोल्डरमध्ये ती असते. संकोच न करता फोन करा, "तुमची ईमेल माझ्या स्पॅममध्ये गेली होती, पुन्हा पाठवाल का" म्हणा, आणि ती पाठवेपर्यंत फोन चालू ठेवून स्पॅम फोल्डर उघडून बसा.